केटलमधून वर्ट उतरवताना धार थांबते? आधी पातळी कुठे होती ते बघा

घरी बिअर बनवताना वर्ट, म्हणजे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोड रस, केटल म्हणतात त्या मोठ्या पातेल्यात नीट उकळला, हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, वेळेवर पडले, बर्नर बंद केला, तोटी उघडली. पहिले काही लिटर झकास आले. मग धार बारीक होत होत थेंबांवर आली आणि निम्मा वर्ट केटलमध्येच राहिला. घरी बिअर बनवणाऱ्या आपल्या मंडळींकडून हीच तक्रार पुन्हा पुन्हा येते. त्यावर बहुतेक जण एकच उपाय करतात: तोटीच्या आतल्या तोंडाला जाळी बसवतात. पुढच्या खेपेला मग ती जाळीच तुंबते.

माझा आग्रह असा, की धार थांबली एवढ्यावरून उपाय शोधायला धावू नये. धार थांबली त्या क्षणी केटलमध्ये वर्टची पातळी कुठे होती, ते बघावं आणि लिहून ठेवावं. तोटी उघडल्या उघडल्या थांबली, मध्येच थांबली, बरोबर तोटीच्या उंचीला येऊन थांबली की पार तळाशी गेल्यावर थांबली, या प्रत्येकाचं कारण वेगळं असतं. हॉप्सचा गाळ हे त्यातलं फक्त एक. खापर मात्र दर वेळी त्याच्यावरच फुटतं.

पुढे जाण्यापूर्वी कायद्याचं सांगतो, कारण ते महत्त्वाचं आहे. हे सगळं जिथे घरी बिअर बनवायला परवानगी आहे, तिथल्या वाचकांसाठी आहे. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ ला सही केलेल्या कायद्याने ती वाट मोकळी झाली. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन बिअर करमुक्त बनवता येते, पण विकता येत नाही. राज्यांचे नियम वेगळे आहेत. अलाबामा आणि मिसिसिपी या शेवटच्या दोन राज्यांनी २०१३ मध्ये परवानगी दिली. ब्रिटनमध्ये घरच्या बिअरला १९६३ पासून परवाना लागत नाही. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. तेव्हा इथे वाचून पुण्या-नागपुरात प्रयोग करू नका.

आता मांडणी. मी गृहीत धरतोय की तुमच्याकडे साधारण १० गॅलनची, म्हणजे ३८ लिटरची स्टीलची केटल आहे आणि तुम्ही एका वेळी ५ गॅलन, म्हणजे १९ लिटर बिअर बनवता. केटलला तळापासून दोनेक इंचावर अर्ध्या इंची बॉल व्हॉल्व्हची (आतला भोकाचा चेंडू फिरवून उघडते-मिटते ती) तोटी आहे. आतल्या बाजूने तिला एक वाकवलेली नळी जोडलेली आहे, जी तळाजवळून वर्ट उचलते. तिला सगळे डिप ट्यूबच म्हणतात.

तोटीच्या उंचीला येऊन थांबत असेल तर

हा प्रकार आधी घेतो, कारण यात सगळ्यात जास्त लोक फसतात.

वर्टची पातळी तोटीच्या वर असते तोवर वर्ट स्वतःच्या वजनाने बाहेर पडतो. पातळी तोटीच्या खाली गेली की काम बदलतं. आता डिप ट्यूबने वर्ट खालून वर उचलायचा, तोटीपर्यंत आणायचा आणि मग बाहेर सोडायचा असतो. हा सरळ सरळ सायफन झाला, आणि सायफनला हवा लागली की तो तुटतो.

ही हवा येते कुठून? डिप ट्यूब तोटीला जिथे जोडली आहे त्या सांध्यातून. पातळी वर असताना तो सांधा वर्टमध्ये बुडालेला असतो. सैल असला तरी त्यातून वर्टच आत येतो आणि काही बिघडत नाही. पातळी खाली गेली की सांधा उघडा पडतो. नळीच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असल्यामुळे हवा आत ओढली जाते. गळती आतल्या दिशेने होत असते, म्हणून बाहेर एक थेंबही दिसत नाही आणि त्या सांध्याचा संशय कुणालाच येत नाही. केटलमध्ये चार-पाच लिटर वर्ट उरतो आणि सगळा दोष हॉप्सला जातो.

खात्री करणं सोपं आहे. केटल धुऊन त्यात दहा लिटर साधं पाणी भरा, नळी लावा, तोटी उघडा. पाण्यात ना हॉप्स ना गाळ. तरीही धार तोटीच्याच उंचीला तुटली, तर सांधा हवा खातोय हे नक्की. मग सांधा उघडा, आतलं ओ-रिंग (गळती रोखणारी लवचिक कडी) बघा, चपटं झालेलं किंवा चिरलेलं असेल तर उष्णता सोसणारं सिलिकोनचं नवं घाला. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चार-पाच वेढे द्या. कॉम्प्रेशन फिटिंग असेल तर पाना लावून घट्ट करा. आतल्या फिटिंगला नुसत्या हाताचा पिळा बहुधा पुरत नाही. नंतर पुन्हा पाण्याची चाचणी घ्या. वर्ट ओतण्याआधी एकदा पाण्यावर पक्कं झालेलं बरं.

सांधा ठीक निघाला तर बाहेरच्या नळीकडे वळा. नळी रुंद आणि धार बारीक असेल तर नळी पूर्ण भरत नाही आणि खालच्या उघड्या टोकाकडून हवा वर चढते. सायफन तिथूनही तुटतो. यावर उपाय म्हणजे नळीचं टोक फर्मेंटरमध्ये (वर्ट आंबवायच्या भांड्यात) तळापर्यंत नेऊन वर्टमध्ये बुडलेलं ठेवायचं. टोक डिप ट्यूबच्या तोंडापेक्षा बऱ्याच खाली असायला हवं हे वेगळं सांगायला नको, पण फर्मेंटर स्टुलावर आणि केटल ओट्यावर असं असेल तर एकदा मोजून बघाच.

उघडताच थांबत असेल तर

तासभर उकळताना हॉप्सचा बारीक चुरा केटलभर फिरत असतो. तोटी बंद असते, त्यामुळे डिप ट्यूब आणि तोटीच्या पोटात वर्ट हलत नाही. निवांत जागा मिळाली की चुरा तिथे बसतो आणि दाबून बसतो. तोटी उघडल्यावर पहिल्याच ढकलीत त्याचं बूच तयार होतं.

उकळणं संपायला दहा मिनिटं असताना जाड हातमोजा घालून तोटीतून अर्धा-एक लिटर वर्ट उष्णता सोसणाऱ्या भांड्यात काढा आणि हलकेच पुन्हा केटलमध्ये ओता. नळी साफ होते आणि उकळत्या वर्टने तोटीही तापून निघते. हे एवढंसं काम आहे, पण मला ते फार मोलाचं वाटतं. उकळत्या वर्टबद्दल एक सावधगिरी: तो साखरेने चिकट असतो, कातडीला धरून राहतो, त्यामुळे नुसत्या पाण्यापेक्षा जास्त भाजतो. चप्पल घालून आणि हातमोज्याशिवाय हे करू नका. लहान मुलं आसपास असतील तर मुळीच नाही.

दुसरं कारण डिप ट्यूबच्या तोंडाशी असतं. नळी तळाला टेकलेली असेल तर वर्टला आत शिरायला जागाच नसते. हिशोब असा, की नळीच्या व्यासाच्या पाव भागाएवढी फट असली की त्या फटीचं क्षेत्रफळ नळीच्या तोंडाएवढं होतं. म्हणजे १२ मिलिमीटरच्या नळीला ३ मिलिमीटर फट स्वच्छ पाण्यापुरती पुरते. वर्टमध्ये चुरा असतो, म्हणून ६ ते ८ मिलिमीटर ठेवावी. नळीचं तोंड तिरकं कापलेलं असेल तर ती एखाद्या बाजूने टेकली तरी पूर्ण बंद होत नाही.

हॉप्सची पिशवी वापरणाऱ्यांनी पिशवी डिप ट्यूबवर जाऊन बसली नाही ना, हे बघावं. पिशवी केटलच्या कडीला बांधून ठेवली की प्रश्नच मिटतो.

मध्येच थांबते तेव्हा: हा खरा गाळाचा प्रश्न

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. केटल रिकामी होत जाते तशी धार थोडी मंदावणारच. पण किती? वेग उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. केटलमधल्या पातळीपासून नळीच्या टोकापर्यंत सुरुवातीला ९० सेंटीमीटर उंची असेल आणि ती ६० वर आली, तर वेग मूळच्या सुमारे ८२ टक्के उरतो. म्हणजे पाचवा भागही कमी होत नाही. तुमची धार तेवढ्यात निम्मी झाली असेल तर ते नैसर्गिक मंदावणं नाही, काहीतरी अडकलंय.

अडकतं ते दोन गोष्टींचं मिश्रण असतं. एक, उकळताना गोठलेली प्रथिनं, जी वर्टमध्ये अंड्याच्या पांढऱ्यासारखी तरंगताना दिसतात. दुसरं, हॉप्स. हॉप्स कुठल्या रूपात आहेत यावर बरंच काही ठरतं. अख्खी फुलं असतील तर ती तळाशी एकमेकांवर बसून स्वतःच गाळणी बनतात आणि वर्ट त्यांतून गाळून निघतो. पेलेट म्हणजे फुलांचा चुरा दाबून केलेल्या गोळ्या, त्या उकळत्या वर्टमध्ये फुटून लगदा होतो. हा लगदा जाळीवर बसला की लिंपण घातल्यासारखी ती बंद होते.

म्हणूनच तोटीच्या आत बसवायच्या त्या नळकांडी जाळीबद्दल माझं मत ठाम आहे. अख्ख्या फुलांसाठी ती चांगली. पेलेट वापरत असाल तर काढून ठेवा. जाळी जितकी बारीक तितकी लवकर तुंबते, आणि एकदा तुंबली की गरम केटलच्या तळाशी हात घालून साफ करता येत नाही.

पेलेटवर खरा उपाय म्हणजे गाळ तोटीपर्यंत येऊच न देणं, आणि त्यासाठी वर्टला भोवरा द्यायचा. चहा ढवळून चमचा काढला की चहाची पानं कपाच्या कडेला न जाता मधोमध गोळा होतात. याचं स्पष्टीकरण अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९२६ मध्ये दिलं. फिरणाऱ्या द्रवात कडेला दाब जास्त असतो आणि मध्ये कमी. तळाशी घर्षणामुळे द्रवाचा वेग मंदावतो, तिथे बाहेर फेकणारा जोर कमी पडतो आणि दाबाच्या फरकामुळे तळाचा थर मध्याकडे सरकतो. जाताना तो पानं घेऊन जातो. हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर कॅनडातल्या मॉल्सन ब्रुअरीत १९६० च्या सुमारास वापरलं गेलं आणि आज जगभरच्या ब्रुअरींमध्ये यासाठी वेगळी टाकी असते. आपल्याला टाकी लागत नाही, लांब दांड्याचा डाव पुरतो.

बर्नर बंद केला, की डाव केटलच्या कडेकडेने एकाच दिशेने फिरवा. मिनिट-दोन मिनिटांत सगळा वर्ट एका लयीत फिरू लागतो आणि मध्ये खळगा दिसतो. तिथे थांबा. खळगा तळाला टेकेपर्यंत जोर लावायची गरज नाही, त्याने गरम वर्टमध्ये उगाच हवा मिसळते. मग १५ ते २० मिनिटं केटलला हातही लावू नका. फिरणं पूर्ण थांबलं पाहिजे. बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. दहाव्या मिनिटाला वरचा वर्ट स्वच्छ दिसतो म्हणून तोटी उघडली जाते, पण तळाचा ढीग अजून बसलेला नसतो आणि पहिल्या ओढीतच तो तोटीकडे घसरतो.

झाकणाचं काय? वर्ट गरम असताना झाकण पूर्ण लावू नका, विशेषतः पिल्सनर माल्ट वापरला असेल तर. गरम वर्टमध्ये डायमिथाइल सल्फाइड तयार होत राहतं, त्याचा वास उकडलेल्या मक्यासारखा येतो आणि तो वाफेबरोबर निघून जायला हवा. साधारण ८० अंश सेल्सिअसच्या खाली गेल्यावर त्याचा वेग बराच मंदावतो. त्याच तापमानाच्या वर हॉप्समधून कडवटपणाही उतरत राहतो, तेव्हा ही वीस मिनिटं कडवटपणाच्या हिशोबात धरा.

भोवऱ्याने मध्ये ढीग होतो, म्हणून डिप ट्यूबचं तोंड मध्यावर असून चालत नाही. बाजारात मिळणाऱ्या अनेक डिप ट्यूब तळाच्या मधोमध जातात. भोवरा देणाऱ्याने ती फिरवून तोंड केटलच्या भिंतीजवळ आणावं. याला खर्च शून्य, आणि फरक लगेच दिसतो.

आणखी एक अडचण उंचीची. बर्नर जमिनीवर, म्हणून भोवरा झाल्यावर केटल उचलून टेबलावर ठेवायची असं बरेच जण करतात. ते दोन कारणांनी वाईट. एक तर २३ लिटर वर्ट आणि केटल मिळून वजन तीस किलोच्या आसपास जातं, आणि ते उकळत्याच्या जवळपास तापलेलं असतं. दुसरं, उचलताना वर्ट हिंदकळतो आणि वीस मिनिटांची मेहनत एका क्षणात विस्कटते. बर्नरच उंच स्टँडवर ठेवा, किंवा वर्ट पूर्ण थंड झाल्यावर दोघांनी मिळून उचला आणि मग भोवरा द्या.

तांब्याच्या नळीचं वेटोळं केटलमध्ये बुडवून थंड करणाऱ्यांसाठी क्रम वेगळा आहे. वेटोळं आत असताना ढीग नीट बसत नाही, कारण नळ्या प्रवाह तोडतात. आधी पूर्ण थंड करा, वेटोळं वर्ट निथळू देत बाहेर काढा, निर्जंतुक केलेल्या डावाने भोवरा द्या, झाकण घट्ट लावा आणि वीस-तीस मिनिटं थांबा. थंड होताना आणखी प्रथिनं बाहेर पडतात आणि ती फुसफुशीत असतात, म्हणून ढीग गरम वर्टमधल्याइतका घट्ट होत नाही. तोटी अगदी हळू उघडा.

उकळणं संपायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी टाकायचं आयरिश मॉस किंवा त्याची गोळी यातही उपयोगी पडते. ती लाल समुद्री शेवाळापासून बनते आणि प्रथिनांचे कण एकत्र आणते. ५ गॅलनला अर्धी गोळी पुरे. जास्त टाकली तर गाळ जास्त फुगतो, म्हणजे उलटंच होतं.

धूसर आयपीएसारख्या, हॉप्सचा भडिमार असलेल्या बिअरमध्ये एका केटलला दीड-दोनशे ग्रॅम पेलेट सहज पडतात. एवढ्याला नुसता भोवरा पुरत नाही. ढीग इतका मोठा होतो की त्याची कड डिप ट्यूबपर्यंत येतेच. तिथे मोठी, सैल जाळीची पिशवी किंवा केटलच्या काठावर टांगायची जाळीची बादली वापरा. साधारण ३०० ते ४०० मायक्रॉनची जाळी असावी. पिशवी घट्ट भरली तर हॉप्सचा उतारा कमी मिळतो, म्हणून ती दिसायला गरजेपेक्षा मोठीच घ्या.

पंप असेल तर आधी हवा तपासा

घरच्या ब्रुइंगमध्ये चालतात ते चुंबकावर फिरणारे सेंट्रिफ्यूगल पंप स्वतःहून द्रव ओढून घेत नाहीत. त्यांच्या पोटात आधी वर्ट भरलेला असावा लागतो. पंप घरघरतोय आणि वर्ट येत नाही, म्हणजे बहुधा त्याने हवा धरली. पंप बंद करा. पंप केटलच्या खाली आहे ना बघा. बाहेर जाणारं तोंड वरच्या दिशेला वळवा, म्हणजे हवा आपोआप वर निघते. दोन्हीकडच्या तोट्या पूर्ण उघडून वर्ट आपल्या वजनाने पंपातून पुढे वाहू द्या, आणि मगच बटण दाबा. कोरडा पंप चालवत ठेवला तर तो खराब होतो.

सुरुवातीला चाललेला पंप मध्येच खडखड करून थांबला, तर त्याचं कारण वेगळं. वर्ट उकळत्याच्या जवळ असतो. पंपाच्या तोंडाशी दाब जरासा कमी झाला तरी तिथे वाफेचे बुडबुडे होतात आणि पाती हवेतच फिरतात. प्रवाह कमी करायला लोक केटलची तोटी अर्धी बंद करतात, आणि नेमकं त्यानेच हे होतं. येणारी बाजू नेहमी पूर्ण उघडी ठेवा आणि प्रवाह जाणाऱ्या बाजूच्या तोटीने आवळा. वर्ट ९० अंशांपर्यंत उतरू दिला तरी त्रास बराच कमी होतो. येणारी नळी आखूड असावी, तिला मध्येच वर जाणारा उंचवटा नको, आणि ती सिलिकोनचीच असावी. साधी पारदर्शक व्हिनाइल नळी गरम वर्टने मऊ पडते आणि ओढीने चपटी होते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं गाळ अडकला.

प्लेट चिलर

प्लेट चिलर म्हणजे पत्र्यांमधल्या अरुंद वाटांतून वर्ट नेऊन तो थंड पाण्याने गार करणारं उपकरण. तो तुंबल्याची खूण पक्की आहे. धार कमी होत असतानाच बाहेर पडणारा वर्ट अचानक फार थंड, जवळजवळ नळाच्या पाण्याइतका येऊ लागला, तर पत्र्यांमधल्या वाटा तुंबल्या आहेत. वर्ट थोडा आणि हळू जातोय, म्हणून जास्त थंड होतोय. केटल तुंबली असती तरी असंच दिसलं असतं, म्हणून चिलरच्या आधीची नळी सोडवून धार बघा. तिथे ती जोरात असेल तर दोष चिलरचा.

मोकळे हॉप्स असलेल्या केटलला प्लेट चिलर जोडू नये, या मताचा मी आहे. त्याच्या वाटा अरुंद असतात आणि घरच्या वापराचे बहुतेक चिलर उघडता येत नाहीत. वापरायचाच असेल तर पिशवी, भोवरा आणि पूर्ण विश्रांती हे तिन्ही हवंच. काम झाल्या झाल्या उलट्या दिशेने गरम पाणी सोडा, बाहेर येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत. आत वाळलेला चुरा पुढच्या खेपेला सुटून फर्मेंटरमध्ये जातो. एका नळीत दुसरी नळी असलेला चिलर जागा जास्त घेतो, पण त्याची वाट रुंद असते आणि तो सहसा तुंबत नाही.

धार थांबलेलीच आहे, आता काय?

सगळ्यात आधी तोटी बंद करा आणि पाच मिनिटं थांबा. मग नळी भरलेली असतानाच तिचं टोक केटलमधल्या पातळीच्या वर उचला आणि तोटी उघडा. नळीतला वर्ट मागे धावतो आणि डिप ट्यूबच्या तोंडावरचं बूच आतून ढकलून देतो. टोक खाली आणून पुन्हा सुरू करा, या वेळी तोटी एक चतुर्थांशच उघडी ठेवून. बहुतेक वेळा काम होतं. वर्ट गरम असेल तर नळी हातमोज्यानेच धरा.

नाही जमलं, तर निर्जंतुक केलेल्या लांब डावाने डिप ट्यूबभोवतीचा गाळ अलगद मध्याकडे सारा आणि पुन्हा दहा मिनिटं थांबा. तोंडाने नळी ओढू नका. वर्ट गरम असेल तर भाजतं, थंड असेल तर तोंडातले जंतू आत जातात.

तेही नाही झालं, तर वर्ट यीस्ट घालण्याच्या तापमानापर्यंत, म्हणजे एल बिअरसाठी १८ ते २० अंशांपर्यंत थंड करा आणि निर्जंतुक सायफनने वरून काढा. हातपंपाचे प्लास्टिक सायफन उकळत्या वर्टमध्ये वाकतात, थंड झाल्यावरच वापरा. काचेच्या फर्मेंटरमध्ये गरम वर्ट कधीही ओतू नका, काच तडकते. अगदीच नाइलाज झाला तर थंड वर्ट निर्जंतुक गाळणीतून सरळ ओता. थंड वर्टमध्ये यीस्टच्या आधी हवा मिसळली तर ती यीस्टला हवीच असते, त्याचं भय बाळगू नका. भय गरम वर्टमध्ये हवा मिसळण्याचं असावं.

शेवटच्या लिटरसाठी जीव काढू नका, हे मात्र मी आग्रहाने सांगेन. केटलमध्ये ५ गॅलनऐवजी साडेपाच गॅलन वर्ट उरेल असा हिशोब आधीच ठेवा, म्हणजे दीड-दोन लिटर गाळासकट मागे सोडता येतो. हॉप्स जास्त असतील तर त्याहून थोडा जास्त धरा, कारण ते वर्ट पितात. ढीग दिसायला लागला की तोटी बंद. थोडा गाळ फर्मेंटरमध्ये गेला तरी बिअर बिघडत नाही. पण तोच गाळ शेवटच्या क्षणी जोरात ओढून घेतला तर पुढे नळ्या, चिलर आणि पंप सगळंच साफ करत बसावं लागतं.

मागे राहिलेलं वाया घालवायचं नसेल तर ते निर्जंतुक बरणीत ओतून झाकण लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर स्वच्छ वर्ट आलेला असतो. तो अलगद ओतून दहा मिनिटं उकळा, थंड करा, आणि यीस्ट वाढवायला वापरा.

धुताना तोटी उघडा

बॉल व्हॉल्व्ह बाहेरून कितीही स्वच्छ दिसला तरी चेंडूच्या मागे पोकळी असते आणि तिथे वर्ट साचतो. तो वाळतो, घट्ट होतो आणि पुढच्या वेळी धार बारीक करतो. वर जंतूंना घरही मिळतं. तीन भागांची तोटी घेतली तर चार बोल्ट काढून ती पूर्ण उघडता येते. प्रत्येक वेळी शक्य नसेल तर काही खेपांनी तरी उघडा, ब्रश मारा, गरम अल्कलाइन क्लीनरमध्ये भिजवा. जोडताना टेफ्लॉनच्या चकत्या जागेवर बसल्यात का बघा. रोजच्या धुण्यात तोटी अर्धवट उघडी ठेवून गरम पाणी सोडा, कारण तेव्हाच पाणी चेंडूच्या मागे पोचतं. मग डिप ट्यूब काढून ती उजेडाकडे धरा आणि आरपार बघा.